व इतर पन्नास जण

२ जानेवारी, सकाळ
खताच्या दुकानाची फुकट डायरी. पहिलं पान. यंदा संकल्प एकच.

एप्रिलमध्ये मयुरीची डिलिव्हरी, तिकडे मस्कतला. पहिलं नातवंड. मी आणि रत्ना, दोघांनी तिथे हजर असणे. त्यासाठी मार्चपर्यंत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळं रेडी. मयुरी फोनवर म्हणाली, पप्पा तुम्ही नक्की याल ना? म्हटलं, पोरी, तुझा बाप शाळेत हेडक्लार्क होता. दाखले, उतारे, झेरॉक्स यात आयुष्य गेलं. कागद कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवू नये.

अडचण फक्त रत्नाची. माहेरचं नाव झुंबर. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'रत्ना' लिहिलं ते मीच. आता शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि आधारवर दुसरी. तिला स्पष्ट सांगितलं की तुझ्यामुळे अडणार आहे. ती म्हणाली, बघू.

५ जानेवारी
रत्नाच्या नावबदलाचं गॅझेट निघालं. म्हणजे कपाटातून निघालं. अंगणवाडीत लागली तेव्हाच करून ठेवलं होतं म्हणे. मला सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं, सांगितलं होतं, तुम्ही पेपर वाचत होता.

धुळ्याहून साडू निंबाचा फोन. हा माणूस एकदा ग्रुप टूरने सिंगापूरला जाऊन आला, तेव्हापासून वांग्याच्या भावावर बोललं तरी मधे सिंगापूर येतं. आज म्हणाला, एजंटले दी टाका बठ्ठं, टेन्शन लेवानं नही. म्हटलं, एजंट अडाण्यांना लागतो. त्याला राग आला असावा. आला तर आला.

९ जानेवारी, दुपार
फॉर्म ऑनलाइन भरला. साइट स्लो. पासवर्ड मी टाकला की चुकतो, रत्नाने टाकला की बरोबर येतो. साइटमध्येच काहीतरी फॉल्ट.

एका प्रश्नापाशी थांबलो. आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? आता काय लिहावं? रावेरचं केळी आंदोलन. भाव पडले होते, शेतकऱ्यांनी रस्त्यावर केळी ओतली, हायवे बंद. पेपरात छापून आलं: 'झुलाल महाजन व इतर पन्नास जणांवर गुन्हा'. त्या इतरांत मी. कात्रण लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलंय, 'इतर' खाली लाल रेघ आहे. फोटोत डाव्या कडेला जे कोपर दिसतं ते माझं. आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवतोच.

रत्ना म्हणाली, उगी 'नाही' करा अन् पुढे चला. केलं. खऱ्या कार्यकर्त्याला प्रसिद्धीची हौस नसते.

११ जानेवारी
फोटो काढले. परदेशात आपण देशाचे प्रतिनिधी, म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी. फोटोत मागचा पडदाही पांढरा. नुसता चेहरा अधांतरी आला. फोटोवाला म्हणाला, आबा, रंगीत घालून या. उद्या परत जाणे.

आजपासून रोज आरशासमोर इंग्लिशची प्रॅक्टिस. मस्कतच्या विमानतळावर साहेब विचारतो, पर्पज ऑफ व्हिजिट? त्यावर मी रुबाबात: आय अॅम ग्रँडफादर. रत्ना पोळ्या लाटताना हसते. तिला विचारलं तर ती काय सांगणार आहे?

२० जानेवारी
अपॉइंटमेंट. रत्ना एक फोल्डर घेऊन आली, मी सुटकेस. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पेन्शनचे कागद, आदर्श कर्मचारी म्हणून मिळालेल्या शाल-श्रीफळाचा फोटो (श्रीफळ आणलं नाही). काउंटरवरच्या मुलीने त्यातले तीन कागद घेतले आणि बाकीची सुटकेस बंद करायला सांगितली. नवीन मुलं आहेत. ओरिजिनलची किंमत कळत नाही.

दोघांचंही क्लियर. आता फक्त पोलीस चौकशी. ती काय, फॉर्मॅलिटी.

२९ जानेवारी, संध्याकाळ
चौकशी झाली. अतिशय उत्तम झाली.

योगायोगाने निंबा आलेला. शेवभाजीवर ताव मारत सिंगापूरचं सांगत होता, तिथे रस्त्यावर थुंकलं तर कसे पकडतात वगैरे. एवढ्यात हवालदार आले. ज्ञानेश्वर नाव, माणूस सभ्य. आधी रत्नाचं विचारलं, ते चहा उकळायच्या आत संपलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, काही केस, भानगड? म्हटलं, छे. तर निंबा मधेच हसून म्हणाला, आमना साडू काय भानगड करी? साधा मानूस शे.

साधा माणूस! माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून! भिंतीवरचं कात्रण काढलं आणि हवालदारांच्या हातात दिलं. लाल रेघ दाखवली. कोपर दाखवलं. पोलिसांच्या गाडीपुढे कसा आडवा झालो तेही सांगितलं. निंबाचा घास हातातच राहिला. हवालदार म्हणाले, हे कोपर तुमचं? नक्की? म्हटलं, कुठेही सही करून देतो. त्यांनी कागद पुढे केला. केली.

जाताना त्यांनी कात्रणाचा मोबाइलवर फोटोही घेतला. इतकं इम्प्रेस झालेला पोलीस मी पाहिला नाही. रत्नाने मात्र चहाचे कप जरा आपटूनच उचलले.

१४ फेब्रुवारी
रत्नाचा पासपोर्ट आला. पोस्टमनला पेढे दिले. माझाही आज-उद्या येईल.

१५ फेब्रुवारी
माझं पत्र आलं. पासपोर्ट नाही, पत्र. फॉर्ममध्ये गुन्हा नाही लिहिलंय, आणि चौकशीत स्वतःच गुन्हा असल्याचं लेखी दिलंय, तरी खुलासा करावा आणि कोर्टाचे कागद जोडावेत.

एक साधा पोलीस लिहून घेतो आणि वर पाठवतो, म्हणजे काय? कौतुक करणं वेगळं आणि रिपोर्ट करणं वेगळं. असो. खुलासा लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

१८ फेब्रुवारी
मोहिनीताई वकिलांकडे गेलो. शेजारच्याच कॉलनीतल्या. त्यांनी चौकशी करून सांगितलं की केस कधीच मिटली. आरोपींची यादी आहे. तीत माझं नाव नाही. मी म्हटलं, 'इतर' मध्ये पाहा. त्या म्हणाल्या, आबा, 'इतर' पेपरवाले लिहितात, पोलीस नावं लिहितात.

हा मोठा धक्का होता. इतकी वर्षं सरकारदरबारी माझी नोंदच नाही.

ताई म्हणाल्या की हीच आनंदाची गोष्ट आहे. पण तुम्ही गाडीपुढे आडवं झाल्याचं सहीनिशी दिलंय, तर आता तुम्ही तिथे नव्हता असं प्रतिज्ञापत्र करा आणि तिथे असलेल्यांची लेखी साक्ष आणा. मी रस्त्यातून परत फिरून विचारलं, 'विचारांनी उपस्थित' असं चालेल का? नाही म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी, रावेर
झुलालभाऊ रस्त्यालगतच्या शेडमध्ये केळीची गाडी भरून घेत होते. मला पाहून त्यांना वाटलं, सत्काराच्या यादीत घुसायला आलो. (आंदोलनकर्त्यांचा सत्कार आहे म्हणे पुढच्या महिन्यात. मला निमंत्रण नाही.) मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, प्रेमराज, तू तं तिढी नव्हताच रे. तुले तं आम्ही रसवंतीवर बसेल पाह्यलं.

एरवी मी वाद घातला असता. रसवंतीवर मी रणनीती म्हणून बसलो होतो, तिथून हायवे पूर्ण दिसतो. पण आज फक्त म्हटलं, हेच लिहून द्या.

त्यांनी मजुरांना, ड्रायव्हरला, शेजारच्या बांधावरच्या माणसांना हाका मारल्या. सगळे आले. मी तिथे नव्हतो यावर एकाचंही दुमत नाही. काहीजण सही करून परत रांगेत उभे राहिले. एवढी एकजूट आंदोलनातही नव्हती. झुलालभाऊंच्या भावाने कात्रण पाहिलं, बाही वर केली आणि स्वतःचं कोपर फोटोशेजारी धरून दाखवलं. जखमेचा व्रण आहे त्यावर. फोटोतही आहे.

मला तो व्रण कधी दिसला नव्हता. लॅमिनेशनचा दोष.

येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो.

३ मार्च
प्रतिज्ञापत्र केलं. 'शरीराने नव्हतो, मनाने होतो' असं टाइप करून घेतलं होतं. मोहिनीताईंनी दुसरा अर्धा भाग पेनने खोडला.

सगळं वर पाठवलं. आता आठवड्यात काम होईल.

१९ मार्च
आठवडा म्हणजे कामाचे दिवस धरायचे.

रत्नाचा व्हिसा जावई हितेंद्रने तिकडून काढला. तिकीटही. मला म्हणाला, पप्पा, तुमचंही लगेच काढतो, पासपोर्टचा नंबर येऊ द्या. मोठी बॅग तर मीच आणली होती, दोघांची. आता त्यात डिंकाचे लाडू, कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स, बाळाची दुपटी. माझ्या बाजूलाही दुपटी.

२८ मार्च
रत्नाला रेल्वेत बसवलं. पुढे मुंबईहून विमान. हिने जळगाव-धुळे सोडून एकटीने कुठे प्रवास केलेला नाही, म्हणून तिला पर्पज ऑफ व्हिजिट पाठ करायला सांगितलं. ती म्हणाली, मला येतं, रोज ऐकतेय.

गाडी सुटताना म्हणाली, वरणाची फोडणी जाळू नका, आणि पासपोर्ट आला की लगेच निघा. मी म्हटलं, बाळाच्या आधी पोचतो.

घरी आलो. हॉलमध्ये कात्रणाच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग आहे.

११ एप्रिल
मुलगी झाली. दोघी सुखरूप.

व्हिडिओ कॉलवर पाहिली. डोळे मिटलेले, मूठ घट्ट. रत्नाने तिच्या कानाशी फोन नेला आणि म्हणाली, हे बघ तुझे आबा. मी कॉल कट केला. नेटवर्क नव्हतं, असं मयुरीला नंतर सांगितलं. नेटवर्क चांगलं होतं.

मला तिथे असायचं होतं. बस, एवढंच.

३० एप्रिल, आखाजी (कॅलेंडरवर अक्षय्य तृतीया)
कॉलनीत घरोघरी लेकी माहेरी आल्यात. समोरच्यांनी झोका बांधलाय, गाणी चालू आहेत. आमच्याकडे लेकीची आई लेकीकडे. आमरस विकत आणला.

निंबाचा फोन. सिंगापूर काढलं नाही. म्हणाला, आबा, जेवाले या धुळाले, एकटा काय बशेल शे. गेलो. माणूस तसा वाईट नाही. तिथे त्याच्या एका पाहुण्याने मला विचारलं, तुम्ही केळी आंदोलनात होता ना? म्हटलं, नाही. प्रतिज्ञापत्र आहे.

८ मे
पासपोर्ट आला!

छान निळा. फोटोत रंगीत शर्ट, चेहरा भारदस्त. आत एकेक पान कोरं. ताबडतोब मस्कतला फोन लावला की येतोय. रत्नाने उचलला. म्हणाली, अहो, माझा व्हिसा संपतोय, रविवारी मी परत येतेय. मयुरी आणि बाळ आता पावसाळा संपल्यावर इकडेच येतील म्हणाली, दिवाळीला.

छानच झालं. नातीने आजोबांकडे यावं, हेच बरोबर.

९ मे
रत्नाला आणायला मुंबई विमानतळावर जाणार. उद्याच्या गाडीचं रिझर्व्हेशन. निंबा म्हणाला, बाहेर उभं राहायला पासपोर्ट लागत नही. माहीत आहे मला. तरी खिशात ठेवतो. गेटवरचा एखादा पोलीस विचारेलही.

आरशासमोर प्रॅक्टिस केली. आय अॅम ग्रँडफादर. आज एकदाही चुकलं नाही.