दारातली माफी

नारीनजवळ, १४ ऑक्टोबर

चि. मैराम हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन न करता टॅक्सीवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवते आहे, कारण फोनवर बोललेलं सासूबाईंना स्वच्छ ऐकू येतं. एरवी त्या ठार बहिऱ्या आहेत.

परवा एर्मेकच्या घरचे सातजण मेंढा घेऊन आले. मुलीच्या घरचा राग उतरवायला आणतात, तसा. पुढे कासीमाली अक्साकाल, गावातले सगळ्यात वडीलधारे. दारात उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाले, की आमच्या पोराने लग्नाहून परतताना तुमच्या नाझिरावर गाडीत जबरदस्ती केली, चूक आमची, राग सोडा. पाच घरांना ऐकू गेलं. मी चहा दिला. दारात आलेल्याला चहा न देता कसं घालवायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी माझी नान मोडून खाल्ली, मेंढा खुंटाला बांधला आणि गेले.

आता गाव म्हणतं, तडजोड झाली, तक्रार मागे घ्या आणि वसंतात लग्न लावून द्या. नाझिराचे वडील वारल्यापासून मला सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. धाकट्या दोघींची लग्नं व्हायची आहेत. तक्रार मागे घेता येते का, तेवढं थोरल्या बहिणीसाठी वकीलबाईंना विचार. नाझिरा तिथे तुझ्याकडे जेवते ना?

लोभ आहेच, तो गृहीत धर.
तुझी बुरुल एजे


बिश्केक, २० ऑक्टोबर

ती. बुरुल एजेस,

सा. न. वि. वि. पोरगी जेवते. दिवा लावून झोपते. विजेचं बिल मी भरते, तू काळजी करू नकोस.

वकील झीपाराबाई म्हणतात, चहा कोण प्यालं हे कायदा विचारत नाही. असला गुन्हा दोन घरं एकत्र बसली म्हणून मिटत नाही. आणि तक्रार नाझिराची आहे. ती सज्ञान आहे, तेव्हा तुला ती मागे घेता येणार नाही, तू जन्मदात्री असलीस तरी. वकिलीचा खर्च सरकार करतं. तिला एर्मेकसमोर बसवायचं नाही, जबानीच्या वेळी कोर्टाची दारं बंद ठेवायची, शेजारी आपलं एक माणूस बसवायचं, हे सगळं मागता येतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पाव भाजणारी बाई.

कासीमाली काय बोलले ते मी वाचून दाखवलं, तर झीपाराबाईंनी हातातला घास खाली ठेवला आणि पुन्हा वाचायला लावलं. एर्मेकने पोलिसांना सांगितलंय की तो त्या दिवशी नाझिराला भेटलाच नाही. मेंढा आता पुरावा आहे, कापू नकोस. परतही करू नकोस.

नाझिरा एकच विचारते, आईचा माझ्यावर विश्वास आहे का. मी म्हणते, तूच विचार. ती विचारत नाही.

माया कमी होऊ देऊ नये, रागावलीस तरी चालेल.
तुझी मैराम


नारीनजवळ, ९ नोव्हेंबर

चि. मैराम हिस,

अ. आ. तुझ्या वकीलबाईंनी अर्ज दिला आणि पोलीस मेंढा जप्त करायला आला. त्याचा रंग लिहिला, शिंगं लिहिली. मग त्याच्या लक्षात आलं की चौकीत गोठा नाही. तेव्हा मेंढा माझ्याच ताब्यात ठेवून गेला. म्हणजे मेंढा सरकारी आणि गवत माझं.

एर्मेकची आई मेंढा मागायला आली. मी म्हटलं, सरकारकडे माग. ती म्हणाली, लेकीची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. मी म्हटलं, मांडली कुणी ते तुझ्या घरी विचार. मग तिला चहा दिला नाही. मला जमलं.

कासीमालींकडेही गेले. कोर्टात तेच सांगाल का, विचारलं. ते म्हणाले, दारात बोललेलं दारातच राहतं. मी म्हटलं, दार माझं होतं. यावर त्यांनी स्वतःचं दार लावून घेतलं.

थंडी सुरू झाली आहे, छाती जप.
तुझी एजे


बिश्केक, १७ नोव्हेंबर

ती. एजेस,

सा. न. वि. वि. मेंढ्यावर एवढं लिहिलंस आणि लेकीने विचारलं त्यावर एक ओळ नाही. मेंढा खुशाल आहे हे कळलं.

सुनावणी तुमच्या जिल्ह्याच्या कोर्टात चार डिसेंबरला आहे. नाझिरा झीपाराबाईंबरोबर येईल. मला बेकरीतून सुटी नाही. शेजारी कुणाला बसवायचं, असं तिला तीनदा विचारलं. ती कुणाचंच नाव घेत नाही. कुणी नसेल तर मी बोलणारच नाही, असं काल म्हणाली.

मोठी आहेस, म्हणून जास्त लिहीत नाही.
मैराम


नारीनजवळ, ५ डिसेंबर

चि. मैराम हिस,

अ. आ. काल कोर्टात गेले. सासूबाईंना सांगितलं की दात दाखवायला जाते.

समन्स गेलं म्हणून कासीमालींना यावं लागलं, पण आधी म्हणाले, वय झालं, आठवत नाही. झीपाराबाईंनी अगदी अदबीने विचारलं, की मग आजोबा, तुम्ही या बाईच्या दारात खोटं बोललात आणि वर तिची नान खाल्लीत का. म्हातारा लालबुंद झाला. नान खाऊन खोटं बोलल्याचा ठपका तो कसा घेईल? जे बोलले होते ते शब्द न् शब्द बोलले आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

मग एर्मेकला बाहेर नेलं आणि दारं बंद केली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, मुलीबरोबर कोण बसणार. मी उठले. माझ्याआधी माझे गुडघे उठले म्हण. नाझिराच्या शेजारी बसून तिच्या कानात सांगितलं, की पहिल्या दिवसापासून माझा तुझ्यावर विश्वास होता, भ्यायले ती शेजाऱ्यांना. मैराम, ही एक ओळ मला कागदावर लिहिता येत नव्हती. लाज वाटत होती मला, तिची नाही, माझी.

ती बोलली. सगळं, सुरुवातीपासून. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. या पोरीला मी जन्मभर हळू बोल, हळू बोल करत आले. काल एकदाही म्हटलं नाही.

निकाल नंतर लागेल. बोलून झाल्यावर न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, पाणी हवं का. ती म्हणाली, मला नको, आईला द्या.

तुम्हां दोघींचा लोभ हवा.
तुझी बुरुल एजे