बुडत्या नवऱ्याला हाक

मद्रास, १९३६

अहो,

मी सिनेमात काम धरलं म्हणून रागावून तुम्ही समुद्रापार पिनांगला निघून गेलात. आता इथली गंमत ऐका. सिनेमातल्या माझ्या नवऱ्याला लेखकाने नेमकं तुमचंच नाव ठेवलंय!

काल तो तळ्यात बुडत होता आणि मी काठावरून त्याच्या नावाने टाहो फोडायचा होता. माइक आंब्याच्या फांदीत लपवलेला. मी ओरडले, "अहो, ऐकलंत का!"

दिग्दर्शक रंगाचारींनी कपाळ बडवलं. "अगं बाई, तो बुडतोय! जेवायला काय बोलावतेस?"

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ? बदला ना ते."

"अर्धा सिनेमा झालाय!"

गळ्याइतक्या पाण्यातून नायक शिंकत म्हणाला, "ताई, घ्या हो एकदाचं. गारठलो!"

मग मला तुमची बोट आठवली. मी धक्क्यावर उभी होते आणि तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. अशी हाक मारली की आंब्यावरचे कावळे उडाले आणि बुडणारा दचकून आपणच काठावर आला.

पाकिटावर मात्र ते नाव लिहायला हात धजत नाही, म्हणून हे पत्र इथेच राहणार. पण सिनेमा पुरा झाला की पिनांगलाही येईल. हाक ऐकलीत की निमूट घरी या.

तुमचं नाव एकदाच घेतलेली,
वडिवांबाळ