सकाळचा नवस

चंद्रपूर
५ सप्टेंबर २०२४

ती. रंभाबाईस,
धनराजचा सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. बसमध्ये मूल गावापर्यंत उभ्यानं आलो, पुढे बसायला जागा मिळाली. तू बांधून दिलेले वडे घरी येताच संपले. लाखोळीची डाळ मंजुषानं बरणीत भरून ठेवली आणि तुला नमस्कार सांगितला आहे.

पोळ्याच्या पाडव्याच्या सकाळी तू ताट वाढलंस आणि मी हात लावला नाही, त्याचं तुला वाईट वाटलं हे मला दिसलं. ओट्यावर मंगलीबाई आणि सोमारी होत्या. चंद्रपूरच्या साहेबाला आता बहिणीच्या घरचं अन्न चालत नाही काय, असं त्यांनी विचारलंच. तेव्हा मी जे सांगितलं तेच मनात धर. दिव्यानीच्या वनरक्षक भरतीसाठी नवस बोललो आहे, दुपारी बारापर्यंत अन्न घ्यायचं नाही. ज्याच्यासाठी नवस त्याला तो कळू द्यायचा नाही, ही आपल्या आईची रीत तुला ठाऊक आहे. म्हणून पोरीजवळ बोलू नकोस.

माझ्या ढेरीला तू हसलीस ते बरोबरच होतं. आम्ही आठ-दहा जण रोज पहाटे धावतो. ८ डिसेंबरला इथे एकवीस किलोमीटरची दौड आहे, तिच्यात नाव दिलं आहे. बेचाळिसाव्या वर्षी हे खूळ कशाला, असं म्हणशील. म्हण. पण शुगरची गोळी चुकवू नकोस.

आजवर केलास तसाच लोभ पुढेही कर.

तुझा भाऊ,
धनराज


मु. टोली, ता. आरमोरी
२२ सप्टेंबर २०२४

चि. धनराज यास,
रंभाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दिव्यानी म्हणते मामाले फोन लावून देते, पण फोनवर मले भुंगा फिरल्यासारखंच ऐकू येते. मंग मी हो हो म्हणते आणि ठेवून देते. त्यापेक्षा पत्र बरं. दोनदा वाचता येते.

ताटाले हात लावला नाई तेव्हा मी मनात तुले फार बोलली. म्हटलं, धनराज आता मोठ्या ऑफिसातला झाला, आपल्या हातचं त्याले लागत नाई. नवसाचं ऐकलं आणि माझी मलेच लाज वाटली. मंगली तर गावभर सांगून राह्यली की भाऊ असावा तर असा. तिले ताकीद दिली आहे, दिव्यानीच्या कानावर जाऊ देऊ नको म्हणून.

पण पोरगी माझी आणि उपास तुझा, हे मनाले पटत नाई. म्हणून मागच्या सोमवारपासून मीही सकाळचं सोडलं. चहाही नाई. बारा वाजले की धानाच्या बांधीच्या पारावर बसून डबा सोडते. त्या वेळी वाटते, तिकडे चंद्रपुरात तूही आता डबा सोडत असशील. भूक मंग तेवढी लागत नाई. गोळी सकाळीच घेते, त्याची काळजी करू नको.

धान यंदा बरं आहे. दिव्यानी रोज नहराच्या काठच्या रस्त्यानं धावते. मागच्या भरतीत थोडक्यात राहिली, यंदा नाई राहणार. तुझी ढेरी उतरली तर समजू की देवानं एका उपासात दोन कामं केली.

मंजुषाले आणि लेकराले आशीर्वाद. बहिणीवर जीव असू दे.

तुझी,
रंभाबाई


चंद्रपूर
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. निवडणूक लागली आहे आणि आमच्या ऑफिसात श्वास घ्यायला सवड नाही.

तू सकाळचं सोडलंस हे वाचलं. सोडू नकोस असं म्हणणार होतो, पण नवसाच्या गोष्टीत मधे बोलू नये असं आई म्हणायची. तरी फार ताण घेऊ नकोस. माझं चालूच आहे. मागच्या रविवारी मी पंधरा किलोमीटर धावलो. बाबूपेठेतला धनराज पंधरा किलोमीटर धावला हे इथे कुणाला खरं वाटत नाही.

भाऊबीजेला या वर्षी येणं होणार नाही. त्याच दिवशी निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण लागलं आहे. दिव्यानीसाठी बूट आणि तुझ्यासाठी लुगडं पार्सलनं पाठवतो. बूट एक नंबर मोठे घेतले आहेत, धावताना पाय फुगतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धनराज


टोली
११ नोव्हेंबर २०२४

ती. धनराजमामांस,
दिव्यानीचा सा. नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण मला रडू आलं असतं आणि तुम्ही विषय बदलला असता. म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास धान कापता कापता आई बांधीत पडली. हातातला विळा डाव्या मनगटाच्या वर लागला. सात टाके पडले. आरमोरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की शुगर एकदम उतरली होती, रिकाम्या पोटी गोळी घेऊन उन्हात वाकून काम केलं की असंच होणार. आता ती घरी आहे, बरी आहे.

ती पडली तेव्हा मी शेजारच्या बांधीत होते. धावत गेले. मंगलीमावशीनं साखरेचं पाणी केलं आणि तिच्या ओठाला लावलं, तर तिनं तोंड फिरवलं. बारा वाजले काय, असं विचारलं. आम्ही खोटंच सांगितलं की वाजले, तेव्हा ती प्यायली. मला काहीच कळेना. दवाखान्यात मंगलीमावशीला राहवलं नाही आणि तिनं नवसाचं सगळं सांगून टाकलं. तुम्ही माझ्यासाठी बोललेला, आणि आईनं तुमच्यासोबत धरलेला.

मामा, पोळ्याच्या पाडव्याच्या पहाटे आपण दोघं नहराच्या रस्त्यानं धावलो होतो. तुम्ही मला सगळं समजावून सांगितलं होतं, सोळा तास पोट रिकामं ठेवायचं आणि आठ तासांत काय ते जेवायचं, त्यानं वजन उतरतं आणि धाव हलकी होते. मोबाइलवर तास मोजणारं ते ॲप तुम्ही दाखवलंही होतं. मला म्हणालात की भरतीच्या पोरींनी हे करू नये. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

आईला मी हे सांगितलेलं नाही. ते तुमचं काम आहे. आजही ती सकाळी काही घेत नाही. अर्ध्यावर सोडला तर पोरीला लागेल, म्हणते. आणि तिकडे धनराज एकटा पडेल, असंही म्हणते. टाके घातलेला हात मांडीवर घेऊन बारा वाजायची वाट बघत बसते. लवकर लिहा.

तुमची भाची,
दिव्यानी


चंद्रपूर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. बाईस,
सा. न.

हे पत्र वाचायच्या आधी जेवून घे. सकाळ असली तरी जेव. जेवल्याशिवाय पुढचं वाचू नकोस.

नवस नव्हता. दिव्यानीसाठी नाही, कुणासाठीच नाही. दौडीसाठी वजन उतरवायचं म्हणून मी सकाळचं खाणं सोडलं होतं. इथे पुष्कळ लोक करतात. मंगलीबाई आणि सोमारी धानाच्या रोवणीत पाठ मोडून नुकत्या मोकळ्या झालेल्या, आणि त्यांच्यापुढे, चरबी चढली म्हणून ताट सारतो आहे, असं सांगायची मला लाज वाटली. नवस म्हटलं तर कुणी पुढे विचारत नाही. म्हणून म्हटलं. कशासाठी असं तू विचारलंस आणि दिव्यानी समोरून बादली घेऊन जात होती. तेवढ्यानं तिचं नाव तोंडी आलं.

एवढंच असतं तर मी एखाद्या दिवशी हसत हसत सांगून टाकलं असतं. पण आणखी आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते सोडून दिलं. पंधरा किलोमीटर संपता संपता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. आमच्यातल्या एक डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्हाला मानवत नाही, सोडा. मी त्याच सकाळी तर्री-पोह्याच्या दोन प्लेटी खाल्ल्या. आठवड्यानं तुला लिहिलं की माझं चालूच आहे.

बाई, मी कडेला बसलो होतो तेव्हा मला तुझी गोळी आठवली. मी खुर्चीवर बसून काम करणारा माणूस, मला असं होतं तर तिचं काय होत असेल, असं मनात आलं होतं. आलं होतं आणि तरी मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. भाऊबीजेला प्रशिक्षण होतं हे खरं, पण ते दुपारी दोनला संपलं. संध्याकाळची गाडी मिळाली असती. तुझ्या हातचं ओवाळून घ्यायचं धाडस झालं नाही.

वडशाला शिकत होतो तेव्हा तू आठवड्याला डबा घेऊन यायचीस. त्या हाताला माझ्यापायी टाके पडले. दौडीतून मी नाव मागे घेतो आहे. दुसरं काय करावं ते कळत नाही.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

धनराज


टोली
२५ नोव्हेंबर २०२४

चि. धनराज यास,
आशीर्वाद.

जेवून घे लिहिलं होतं म्हणून जेवून वाचलं. सकाळचे आठ वाजले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा सकाळी जेवली, आणि तेही काय वाचायचं आहे ते माहीत नसताना. हात भरत आला आहे, टाके काढले.

खोटं बोललास त्याचा राग मले चार दिवस होता, मंग गेला. बायकांपुढे माणूस काहीतरी बोलून जाते. पण दुसरी गोष्ट जात नाई, ती लिहून टाकते. रोज सकाळी बांधीत वाकली की भूक लागे. तेव्हा मी मनात म्हणायची, धनराजही उपाशी आहे. पोरीसाठी आपण दोघं आहो. नवरा गेल्यापासून तिच्यासाठी कोणी माझ्यासोबत उपाशी आहे, असं मले पहिल्यांदाच वाटत होतं. दसऱ्यापासून मी एकटीच होती, आणि मले ते माहीत नव्हतं. याचं मले फार लागलं, धनराज.

सोमारीनं माझ्याकडे पाहून सकाळचा चहा सोडला होता. तिलेही काही सांगितलं नाई. मंगली अजून तुझं नाव घेऊन तिच्या भावाले टोमणे मारते.

शुक्रवारी मी गावदेवी मातामायजवळ गेली. सांगितलं की भावाचा शब्द खोटा होता, माझा खरा होता, माझा तेवढा घे आणि मोकळं कर. नारळ फोडला. आता गोळीच्या आधी भाकर खाते. दिव्यानी समोर बसून पाहते.

दौडीतून नाव मागे घेऊ नको. लाज वाटते म्हणून घरी बसशील आणि त्याले प्रायश्चित्त म्हणशील, ते मले चालणार नाई. माझ्या दोन महिन्यांच्या सकाळी त्या दौडीत गेल्या. आता ती पुरी धाव. खाऊन धाव.

आणि १० तारखेले, मंगळवारी, धान घरी येते. त्या सकाळी सगळ्या कापणाऱ्या बाया आपल्या ओट्यावर जेवतात. नवाच्या आत ये. जिथी सांगितलं होतंस तिथीच, त्यांच्यापुढेच, तूच सांग. मी तुझ्या वतीनं सांगणार नाई.

लोभ मागितला नाईस. मागितला असतास तर या खेपेस मी जरा थांबली असती. नाई मागितलास म्हणून देते.

तुझी,
रंभाबाई


चंद्रपूर
१३ डिसेंबर २०२४

ती. बाईस,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहितो.

रविवारी पहाटे भाकर आणि गूळ खाऊन निघालो. एकवीस पुरे केले. सतराच्या पुढे पायात गोळे आले, बरंचसं चाललो, शेवटून चौथा आलो. तिथे गळ्यात पदक घालतात. फोटो काढताना मी ते काढून खिशात ठेवलं.

पण ते एकवीस सोपे होते. मंगळवारी फाटकापासून ओट्यापर्यंत पाय उचलेना. मी सांगत होतो तेव्हा सोमारी माझ्याकडे न बघता बोटानं ओट्याची माती उकरत होती. मंगलीबाई शेवटी एवढंच म्हणाल्या की आम्ही तुझ्या पोटाले हसलो असतो, आणि मंग जेवलो असतो, दुसरं काय केलं असतं. त्यांनी वाढलेलं सगळं खाल्लं. कशाचीच चव कळली नाही.

तू तुझं ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसलीस. मी पहिला घास घेईपर्यंत तू घेतला नाहीस, हे मी पाहिलं. तुझ्या मनगटावरचा वणही पाहिला.

आता मी रोज सकाळी साडेआठला ऑफिसला निघायच्या आधी जेवतो. घास घेताना तू बांधीवर निघायच्या आधी जेवली असशील असं मनात येतं. तेवढ्यावर मी राहणार नाही. दर पत्रात लिहीत जा, जेवलीस की नाही. मीही लिहीन, आणि खरं लिहीन.

या खेपेस लोभ मागतो. थांबलीस तरी चालेल.

तुझा,
धनराज