अकरा झुडपांची खुशाली

बुधवार, तारीख अठरा

चिरंजीव सूनबाईला आईचा ओंजळभर आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहोत. तुझ्या आईचं कमरेचं हाड बसलं का? म्हातारं हाड आहे, घाई करू देऊ नकोस. तूही करू नकोस. महिना म्हणून गेलीस, दोन राहा. छकुलीचा परवा पुढचा दात पडला. बोलताना शिट्टी वाजते, हसून हसून माझं पोट दुखलं. रात्री माझ्याच कुशीत झोपते, तुझं नावसुद्धा काढत नाही.

हे सगळं माझ्या हातचं आहे बरं का. वेलांट्या उलटसुलट पडल्या तर तुझ्या मास्तरकीला बोल लाव. दोन वर्षं भाजी निवडता निवडता तू मला अक्षरं गिरवायला लावलीस. पोटच्या लेकीनं नाही केलं ते सुनेनं केलं, असं मी सगळ्यांना सांगते.

बरं, तुझी ती परदेशी फुलझाडं, त्या प्रोटिया. जरा पिवळ्या पडल्यात.

मधेच शेजारीण आली होती, म्हणून लिहायचं थांबले. तिची मांजर पुन्हा व्यायली. असो. काय लिहीत होते? हां, झाडं. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? अकरापैकी दहा गेल्या. आधी पानांच्या कडा करपल्या, मग आख्खं झुडूप तपकिरी. काटक्या मोडल्या की कट्‌कन आवाज येतो.

तुझ्या नवऱ्यानं एक उपटून पाहिलं. म्हणाला, हिनं मातीच चुकीची घातली, चार वर्षं फुकट घालवली. मी तांदूळ निवडत राहिले. नवराबायकोच्या मधे कशाला बोला? टेकडीवाल्याला त्यानं त्याच दिवशी कळवून टाकलं, जमीन नको म्हणून. झाडांना इथे फुलं आली तर टेकडीवर जमीन घेऊन यांचीच शेती करायला तिकडे जायचं असं तुमचं ठरलंच होतं, तर आता प्रश्नच मिटला. मला इतकं हलकं वाटलं, बाई! त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

तुला वाटत असेल, आईंना तो कागद वाचता आला नसेल. जाताना तू भिंतीला चिकटवलास तो. नाही गं. अक्षर अन् अक्षर वाचला, बोट ठेवून. दोन दिवस लागले. कुणी मदत न करता वाचलेला माझा पहिला कागद तो. ‘पाणी बेतानं. बुडाशी खुरपं लावू नये, मुळं वरच असतात. खत अजिबात नको. हाडांचा चुरा म्हणजे यांना विषच.’ किती सोप्या भाषेत लिहितेस तू!

मग दुकानातून हाडांचा चुरा आणला. खुरप्यानं बुडाशी कालवला, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. झाडाला खायला घालणं पाप थोडंच आहे?

तुला आठवतं का, तू माझ्या लेकाला स्वयंपाकघरात सांगत होतीस? मी पलीकडे कपडे घडी करत होते. “टेकडीवर गेलो की आईंना ताईंकडे ठेवू, लेकीच्या घरी. महिनाभर कुरकुरतील, मग रुळतील. झाडांसारखं थोडंच आहे, माणूस कुठेही रुजतं.” आणि त्याच सकाळी मी झाडू मारताना एका झुडपाला धक्का लागला तर केवढी ओरडलीस माझ्यावर. मुळं दुखावली की संपलं, म्हणालीस.

मला राग नाही हं. मी फक्त कळवते आहे.

अकरावीला मात्र कळी होती. मी तिला हात लावला नाही. काल उमलली, वाटीएवढी, गुलाबी, कडेला पिसांसारखी लव. काय रूप गं! तू चार वर्षं वाट पाहिलीस ती हीच. मी कापून छकुलीला खेळायला दिली. संध्याकाळपर्यंत तिनं पाकळी न् पाकळी सोलून काढली.

त्या झुडपालाही आज चुरा घातला.

उत्तर लिही. मोठ्या अक्षरात लिहिलंस तरी चालेल, पण आता बारीकही वाचता येतं मला. तुझ्या नवऱ्याला यातलं काही सांगायचं असेल तर सांग. मी म्हणेन, मला अडाणीला कुठलं वाचता येतंय.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
तुझी सासू