एलिओचा बस्ता

अल अझीझिया, जेद्दा

मोठे भाई,

अस्सलामु अलैकुम. इथे सगळे खुशाल आहेत. तुमचे गुडघे, भाभींचा दमा आणि परसातला हापूस या तिघांनाही अल्लाह सुखात ठेवो.

तुमचा निरोप पोचला. तुमचं म्हणणं, आमच्या दुआचं टेनिस पुरे झालं, पोरीने पुण्याच्या कॉलेजात खेळावर मिळालेली जागा सोडावी, झयानच्या घरचे ईदनंतर निकाह मागतायत, आणि लग्नाच्या बस्त्याचं सगळं कापड मी माझ्याच दुकानातून पाठवावं. उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये एक इटालियन पोरगा आला.

त्याचं असं झालं. इथे तरुण टेनिसपटूंची स्पर्धा भरली आणि टॉवेल पुरवायचं काम मला मिळालं. (तुम्ही खेळाला रिकामा उद्योग म्हणता, कापडवाल्याच्या भावाने तसं म्हणू नये. हे लोक एका पॉइंटनंतर घाम पुसतात, दुसऱ्यानंतर न आलेला घामही पुसतात, वर जाताना टॉवेल बॅगेत घालून नेतात. असं गिऱ्हाईक लग्नसराईतही भेटत नाही.) कामासोबत दोन पास आले. तुमची भावजय बिलकिस म्हणाली, चेंडू इकडून तिकडे जाताना बघत बसायला मी काय मांजर आहे? म्हणून दुआला घेऊन गेलो.

आमच्या पुढच्याच रांगेत एलिओ त्रामोंती नावाच्या खेळाडूचा बाप बसला होता. या काडीसारख्या पोराची सगळी कारकीर्द दुआने माझ्या कानात ओतली. गाव मासेमारांचं, आपल्या दाभोळसारखंच. लहानपणी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर चेंडू मारायचा. बापाने होडी विकून त्याला खेळवलं, आणि तेव्हापासून पोरालाच होडीसारखं वल्हवतोय: काय खायचं, कुणाशी बोलायचं, चेंडू कुठे मारायचा. पोरांच्या स्पर्धा जिंकला, पण मोठ्यांत आल्यावर वर्षभर पहिल्याच फेरीत घरी. काका म्हणाले, सोड हे, माझं आइस्क्रीमचं दुकान सांभाळ. (काका सगळीकडे सारखेच, भाई. राग मानू नका. किंवा माना.)

सामन्यात बापाचे हातवारे थांबेनात. पोराने पहिला सेट घालवला, गर्रकन वळला आणि अख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल असा ओरडला, "बस्ता, पापा! बस्ता!"

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. खांद्यावर ठाण घेऊन याच अझीझियात दारोदार फिरलो, तेव्हापासून कापड फाटल्याच्या आवाजावरून सुती की नायलॉन ते सांगतो. शब्द मी चोख ऐकला. म्हटलं, पोराचं लग्न ठरलंय आणि हा बाप त्याला खरेदीला नेत नाही! लगेच वाकून बापाच्या हातात दुकानाचं कार्ड ठेवलं. "मॅरेज? फुल फॅमिली? बेस्ट प्राइस!" त्याने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि उठून बाहेर चालता झाला. दुआने कपाळाला हात लावला. "अब्बा! इट मीन्स इनफ! पुरे म्हणतोय तो!"

त्यानंतर एलिओ काय खेळला, भाई! जिंकला नाही, हरलाच. पण या वेळी स्वतःच्या अकलेने हरला, आणि हरूनही हसत हसत माझा टॉवेल घेऊन गेला.

परतताना गाडीत, सिग्नलला, दुआ खिडकीबाहेर बघत एकदाच पुटपुटली, "बस्ता." आता अर्थ विचारायची गरज नव्हती. सिग्नल हिरवा झाला तरी मी तसाच बसलो. मागचे यल्ला यल्ला करत हॉर्न वाजवत होते.

तर दुआ जूनमध्ये पुण्याला जातेय. हरली तर हरेल. मी तिचा बाप आहे, नावाडी नाही.

तुमचा (कालपर्यंत) आज्ञाधारक,
हनीफ

ता.क. झयानच्या घरी हे सांगायला फोन तुम्हीच करा. तुमचा आवाज भारदस्त आहे, शिवाय शब्द तुम्हीच देऊन बसला होता. पोरगा चांगला आहे; त्याला टेनिस न खेळणारी मिळो.

आणखी ता.क. निकाहसाठी बाजूला ठेवलेल्या जांभळ्या रेशमाचा बिलकिसने रॅकेटला गिलाफ शिवलाय. म्हणजे इथे तुमच्या बाजूचं आता कुणी उरलं नाही.

शेवटचा ता.क. बस्त्याचं काय, असं विचारलं होतंत. एका शब्दात सांगतो, पूर्ण आदराने, पण इटालियनमध्ये: बस्ता.