घरामागे एक माणूस

२ ऑगस्ट, सोमवार
ला पासला आलो. तुपिसाहून निघताना आईला सांगितलं, आठवड्यात खोली, वर्षात फोरमन. नोकरी खाली दरीत, शहराच्या दक्षिण टोकाला, सोफ्यांच्या कारखान्यात. सातला हजर. तीन महिने कच्ची, मग पक्की. मालकांनी विचारलं, गाडी चालवतोस का? म्हटलं, मला आवडत नाही. खोटं नाही. शिकलो असतो तरी आवडली नसतीच.

५ ऑगस्ट
अकरा खोल्या पाहिल्या. कारखान्याजवळच्या एका घरवाल्यानं आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग म्हणाला, कालच गेली. पाटी अजून लटकतेय. बरंच झालं. असल्या लोकांत माणूस बिघडतो.

७ ऑगस्ट
मिळाली! वर पठारावर, एल आल्तोच्या पार टोकाला. भाडं निम्मं. घरवाल्या सातुर्निनाबाई, सत्तरीच्या, गुडघे गेलेले. अट एकच. वस्तीच्या समितीला घरामागे एक माणूस लागतो: सभेला, मोर्चाला, झाडलोटीला. हजेरीचं कार्ड असतं. शिक्के चुकले की घराचं पाणी तोडतात. बाई म्हणाल्या, "वर्षातून चारदा नुसतं उभं राहायचं, पोरा. खांबालाही जमतं." हो म्हटलं. एवढ्या स्वस्तात घेतली, म्हातारीला फसवल्यासारखं वाटलं जरा.

१० ऑगस्ट
पाचला निघालो, सव्वासातला पोचलो. मिनीबसवाला अर्ध्या वाटेत चौकात सगळ्यांना उतरवतो आणि तिथूनच पुन्हा भाडं घेऊन पुढे नेतो. म्हटलं, पाटीवर तर शेवटपर्यंत लिहिलंय. म्हणाला, "मग पाटीवर बसून जा." चांगलं सुनावणार होतो, तेवढ्यात दार लागलं.

२३ ऑगस्ट
पाचवा उशीर. फोरमन रेमिहियो म्हणाला, "राजे, उद्या घ्यायला येऊ का?" जीव आहे त्याचा माझ्यावर.
संकल्प: उद्यापासून साडेतीनला उठणे.

२४ ऑगस्ट
सहाला उठलो. थंडी फार.

३० ऑगस्ट
समितीची सभा. मिनीबस पूर्ण रस्ता जात नाहीत तोवर रास्ता रोको, परवापासून. सगळ्यात आधी हात माझा वर. अन्याय मला सहन होत नाही. घरी आल्यावर लक्षात आलं, माझा कामाचा रस्ता तोच. असो. काहीतरी मार्ग निघेल.

१ सप्टेंबर, बुधवार
रस्त्यावर दगड टाकले, टायर लावले. हजेरी दिवसातून तीनदा: आठ, एक आणि सहा. बाईंना म्हटलं, मला कामावर जायचंय. म्हणाल्या, "जा की. येताना महिनाभराचं पाणी घेऊन ये." थांबलो. मालकांना फोन केला. ताप आहे, उभं राहवत नाही. म्हणाले, दोन दिवस झोप, शुक्रवारी मोठी ऑर्डर जायचीय, तेव्हा मात्र ये. भला माणूस.

३ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी
पहाटे चारला पायी निघणार होतो, एका दिवसाचे शिक्के गेले तर गेले. काल समितीनं सांगितलं, पहाटे पाचला जादा हजेरी, आज चुकेल त्याचं पाणी लगेच बंद. कामावर गेलो नाही. नऊला टीव्हीवाले आले. बाकीच्यांची बोबडी वळली. मी टायरवर चढलो आणि म्हणालो, इथून एक सायकलसुद्धा सोडणार नाही! टाळ्या. मालकांनी बघितलं तर कळेल, काय दर्जाचा माणूस आहे त्यांच्याकडे.

त्याच दिवशी, पाचला
मालकांनी बघितलं. रेमिहियोचा फोन. म्हणाला, "तुझा ताप बराच चढलाय रे. टायरवर पोचला." मग म्हणाला, मालक सांगतायत, आता येऊ नकोस. वर राहणारे आपले चौघे कामगार आज पायी आले, तीन तास चालून.
त्या चौघांच्या घरी शिक्क्याला दुसरं कुणी असेल. बायको, भाऊ, कुणीतरी. हे मालकांना कोण सांगणार?
रेमिहियोला सांगितलं, मीच सोडणार होतो.

६ सप्टेंबर, सोमवार
जिंकलो. मिनीबस आता थेट. पहाटे जाऊन बसलो, खिडकीशी. पावणेसातला कारखान्याच्या दारात. ड्रायव्हर म्हणाला, उतरायचं ना? म्हटलं, नाही, पुढे. पुढे काही नाही, शेवटचा थांबा तोच. त्याच गाडीनं परत आलो.

आईचा फोन. म्हटलं, गाडी कारखान्याच्या दारात सोडते. म्हणाली, देव पावला.

संध्याकाळी बाई आल्या. कार्डावरचा एकेक शिक्का बोटानं पाहिला. एकही चुकला नव्हता. पाठ थोपटली. मग दाराला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "गाडी थेट झाली ना, पोरा. आता या खोलीला नोकरीवाली माणसं विचारायला लागलीत."