सतरावा सोमवार

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

वय एकोणतीस, वजन सव्वीस किलो. काटा दोनदा बघितला. विजयमाला नाव. घाटनांदूरची, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. तिथंच चक्कर येऊन पडली म्हणून भरती. सोबत आई, मालनबाई. "लई उपास धरती, सिस्टर. देवाचं लई येड." सांगताना आवाजात जरा अभिमानच! नाडी बघायला हात धरला तर बांगडी सुळ्ळकन कोपरापर्यंत गेली.

दुपारी मोठ्या दवाखान्याला फोन. मेडिसिनवाले म्हणतात, हा मनाचा आजार, मानसोपचारला विचारा. मानसोपचारवाले म्हणतात, आधी तीस किलो करा, मग पाठवा. दोघांचंही नियमाप्रमाणं बरोबर. मधल्या चार किलोत मरायचं असेल तर आमचा वॉर्ड आहेच.

बुधवार, १९

डॉ. अमरसिंह नवे आहेत, पोरगेलेसे, पण रात्री जागून वाचून आले. खाटेला कागद लावला – दर दोन तासांनी पातळ पेज, आठ चमचे. जास्त एकही नाही. इतकं उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार कोसळतात, काळीज थांबतं. हे मालनबाईंना समजावताना माझीच जीभ अडखळली. त्या म्हणाल्या, "आवं सिस्टर, जेवून कुनी मरतं का?"

मग माझं आडनाव विचारलं. सांगितलं. तेव्हापासून लेकीचं पाणी स्वतः भरून आणतात. हे मला नवं नाही. पेज मात्र माझ्याच हातची चालवून घ्यावी लागते, कारण लेक आईच्या हातून घोटभरही घेत नाही.

गुरुवार, २०

आठ चमच्यांना पन्नास मिनिटं. या पन्नास मिनिटांबद्दल नर्सिंगच्या पुस्तकात एक ओळ नाही. वॉर्डात बत्तीस पेशंट, आम्ही दोघी. तिच्यापाशी बसले की पलीकडच्या खाटेवरची बाई ओरडते, "तिला खायाचं न्हाई तर कावून बसताव? आमची सलाईन संपली इकडं." तिचंही खरंच आहे.

संध्याकाळी उशीच्या खोळीत पेजेनं भिजलेला कापूस सापडला. तोंड पुसायच्या निमित्तानं सगळी थुंकलेली. चिडलेच. म्हटलं, माझ्या पन्नास मिनिटांचं काय? तर म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात, सिस्टर. पण पोटात काही गेलं की मला माझीच घाण वाटते." खोळ बदलली.

शुक्रवार, २१

वजन सव्वीसच. मानसोपचारला पुन्हा फोन. साहेब रजेवर.

शनिवार, २२

आज आपणहून बोलली. सहा वर्षांपूर्वी चांगल्या स्थळासाठी सोळा सोमवार धरले – आईनंच धरायला लावले. सोळा झाले की सतराव्या सोमवारी उद्यापन करायचं. चुरम्याचा नैवेद्य, चार जणींना जेवण, मग व्रत सुटलं. पण नेमके त्याच आठवड्यात आजोबा वारले. सुतक. उद्यापन राहिलं ते राहिलंच. "उद्यापनाशिवाय सोडू कसं? आणि खरं सांगू का, तोवर न खाता बरं वाटायला लागलं होतं." पुढं मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी. मग रोजच.

आमच्या घरात उपासतापास नाहीत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं. पण वाटलं, कुलूप त्यांचं आहे तर किल्लीही त्यांचीच लावून बघू. मालनबाईंना व्हरांड्यात नेऊन म्हटलं, सोमवारी इथंच उद्यापन उरकून टाका. नारळ फोडा, चमचाभर चुरमा तिच्या तोंडात घाला आणि पोरीला मोकळं करा. चमचाभर – दोनदा बजावलं. त्यांचे डोळे भरून आले. माझा हात धरला!

ड्यूटीच्या वहीत लिहिलं नाही. सोमवारी माझी सुट्टी, येणाऱ्या सिस्टरसाठी लिहायला हवं होतं. पण काय लिहू? बौद्धाघरची बाई वॉर्डात पूजा घालायला लावते म्हणून हे लोक आठवडाभर हसतील. आमचे महिनाभर.

रविवार, २३

सकाळी तिनं विचारलं, "उद्या आई काय काय करणार आहे?" जेवणाबद्दल आपणहून विचारलेला पहिला प्रश्न. दिवसभर मी हवेत.

सोमवार, २४

सुट्टी. गोधड्या धुतल्या. वॉर्डात फोन लावायला दोनदा मोबाइल घेतला, लावला नाही.

मंगळवार, २५

वॉर्डात पाय टाकते तोच वैष्णवी सिस्टर मोबाइल नाचवत पुढं आली – "बघ, तुझी पेशंट जेवली!" काल तिची ड्यूटी होती. फोटोत खाटेवर लाल कापड, महादेवाची तसबीर, स्टीलचं ताट. पुरणपोळी, तूप, चुरमा, भात. विजयमालाच्या गालात घास, आणि हसतेय. दोन पोळ्या खाल्ल्या म्हणे. सगळ्या वॉर्डानं प्रसाद घेतला. खाटेला लावलेला कागद वैष्णवीनं वाचला नव्हता का? वाचला होता. "देवाचं होतं गं, म्हटलं असू दे."

खाटेपाशी गेले. पाय सुजलेले, घोट्याजवळ बोट रुतलं. धाप लागलेली. नाडी धड हाताला लागेना. डॉक्टर पळत आले. ऑक्सिजन, सुया. रक्त बीडला पाठवलं, अहवाल उद्या. मोठ्या दवाखान्यात हलवायचं तर डॉक्टर म्हणाले, ही वाटेतच जाईल. मग सगळ्यांसमोर विचारलं – जेवण कुणाच्या सांगण्यावरून दिलं? मी तिथंच उभी, हातात सुईचा ट्रे. मालनबाई म्हणाल्या, "कुनाच्याच न्हाई. आमीच आनलं." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडं गेले.

बुधवार, २६

सकाळी सव्वाअकराला गेली. रक्ताचा अहवाल साडेबाराला आला.

गुरुवार, २७

डॉक्टरांनी कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं – नातेवाइकांनी सूचना न पाळता आहार दिल्यामुळे. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. नेहमीसारखी, वळणदार आली. स्वतःची किळस आली.

मंगळवार, ९ डिसेंबर

काल तिचं तेरावं झालं. आज मालनबाई दाखल्याचे कागद न्यायला आल्या. पायरीवर गाठून सगळं सांगून टाकलं – मी वहीत लिहिलं नाही, डॉक्टरांसमोर बोलले नाही, वर सही केली. म्हटलं, चूक माझी आहे. त्यांनी कागद पिशवीत घातले. मग म्हणाल्या, "तुमी चमचाभरच सांगितलतं. मीबी चमचाभरच दिला. मग ती म्हनली, आई, पोळी दे. सहा वर्सांनी मागितली, सिस्टर. न्हाई कशी म्हनू?"

मीही पोळी वाढली असती.